विनोद, थट्टा, टिंगल, उपहास: हसणं तर सगळ्यातच आहे, मग फरक कुठं पडतो?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतःच बाई झालीय, बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला मराठी शिकवते. तिनं विचारलं की सर, समानार्थी शब्दांच्या प्रश्नात एका पोरानं 'उपहास म्हणजे विनोद' असं लिहिलं, मी अर्धा मार्क दिला, तर मुख्याध्यापक म्हणतात एक तर पूर्ण द्या नाहीतर शून्य द्या, आता तुम्हीच सांगा विनोद, थट्टा, मस्करी, टिंगल, उपहास, उपरोध हे सगळे एकच का वेगळे, अन् इंग्रजीतला ह्यूमर म्हणजे यातला नेमका कोणता. प्रश्न चार ओळींचा आहे पण उत्तर चार ओळींत बसणारं नाही बाप्पा. मी २८ वर्षं मराठी शिकवलं, गावच्या पोळ्याला झडत्या (तोरणाखाली बैलांपुढं म्हणायच्या चिमटे काढणाऱ्या ओळी) लिहून देतो, अन् आजूबाजूच्या लग्नात, गॅदरिंगला माईक बहुतेक माझ्याच हातात असतो, म्हणजे लोकांना हसवण्यात अन् कधी कधी नको तिथं हसवण्यात केस पिकले. तर जेवढं कळलं तेवढं सांगतो.

पहिले माझीच चूक ऐक. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. वर्गात एक पोरगा रोज उशिरा यायचा, बैलं पाण्यावर नेऊन, गोठा झाडून मग शाळा. एक दिवस हजेरी संपली अन् हा दारात उभा, पायाला शेण तसंच. मी म्हटलं, "या साहेब, गाडी लेट झाली वाटते!" वर्ग फुटला हसून. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, अन् तिसऱ्या दिवशी तर माझ्याआधी पोरंच ओरडली, "साहेब आले, साहेब आले". चौथ्या दिवसापासून पोरगा यायचाच बंद. आठवड्यानं त्याचा बाप आला, टोपी हातात घेऊन उभा, "सर, पोट्टं मने सर माही टिंगल करते." मी म्हटलं, "अहो टिंगल कशाची, थट्टा केली जराशी." तो म्हणाला, "थट्टा तं बराबरीच्याची करते ना सर. त्यानं उलटून तुमाले साहेब म्हटलं असतं तं तुमाले चाललं असतं का?"

मी गप्प बसलो. थट्टा अन् टिंगल यातला फरक मला तोवर कुठल्या शब्दकोशानं इतका स्वच्छ सांगितला नव्हता.

थट्टेला नातं लागते. ज्याची केली त्याला परत करायचा हक्क असतो, अन् तो आज ना उद्या करणारच हे दोघांनाही माहीत असते. म्हणून ती ठरलेल्या नात्यांतच जास्त रंगते, दीर-भावजय, साळा-भाटवा (भाटवा म्हणजे आपल्याकडे बहिणीचा नवरा, पुण्याकडच्यांना हा शब्द सांगितला की ते भटजी समजतात), आजा अन् नातू, व्याही-व्याही. लग्नात विहिणीला नाव ठेवून गाणी म्हणतात, ती विहीण समोर बसून पान खात ऐकते अन् नंतर तिच्याकडच्या बाया उलट गाणं म्हणतात, कोणी रुसत नाही, उलट गाणीच झाली नाहीत तर 'काय मुकं लग्न होतं बाई' म्हणतात. अन् त्याच मांडवात सून सासऱ्याची थट्टा करेल का? भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची करेल का? जुन्या बाया तर भासरा दिसला की डोक्यावरचा पदर पुढं ओढतात. म्हणजे कुठं चालते अन् कुठं नाही हे समाजानं आखून ठेवलेलं असते. रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं १९४० साली यावर एक निबंध लिहिला, त्यात अशा नात्यांना त्यानं थट्टेची नाती असंच म्हटलं, की समाज एकाला दुसऱ्याची चेष्टा करायची मोकळीक देतो अन् दुसऱ्यानं राग मानायचा नाही असं बंधनही घालतो. आपल्या गावच्या कोण्याही म्हाताऱ्या बाईला हे त्याच्याआधी माहीत होतं ते सोड, पण मुद्दा तोच.

मस्करी थट्टेच्या अगदी जवळची, फक्त तिला नात्याची तेवढी गरज नाही, दोस्ती पुरते, अन् तीत थोडं खोटं मिसळलेलं असते, म्हणजे चप्पल लपवली, 'तुले पाटलानं बोलावलं' म्हणून उगाच पाठवलं, अशी. शब्द अरबी-फारशीतून आला, मस्खरा म्हणजे सोंगाड्या, त्याचं आपण मस्करी केलं अन् खेड्यात मशकरी. मजाकही तिकडूनच आलेला, हिंदीच्या वाटेनं, अन् विदर्भात आपण मस्करीपेक्षा मजाकच जास्त बोलतो, "मजाक करून राह्यला का बे?" हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडते. मस्करीची कुस्करी होते अशी म्हण आहे, थट्टेची कुस्करी होते असं मात्र कोणी म्हणत नाही. मस्करीत खोटं असते म्हणून ती अंगाशी येते.

चेष्टा हा शब्द सांगताना मात्र पोरांना सावध करशील. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, अन् मराठीत ती झाली टर उडवणं. आमच्या गावात एकदा एक हिंदी बोलणारे अधिकारी आले होते, भले माणूस, शेतकऱ्यांपुढं कळकळीनं म्हणाले, "आप सब को चेष्टा करनी चाहिए, बहुत चेष्टा करनी चाहिए." मागून एक म्हातारा बोलला, "आमची चेष्टा तं तुमीच करून राह्यले साहेब, आमी अजून कोनाची करू?" सगळे हसले, अधिकारीही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे.

आता टिंगल. टिंगलीला गर्दी लागते. दोघंच असतील तर टिंगल होत नाही, तिसरा हसणारा पाहिजेच, अन् तो करणाऱ्याच्या बाजूचा पाहिजे. माझ्या वर्गात हेच झालं होतं, चाळीस पोरं माझ्या बाजूनं अन् तो एकटा दारात. टवाळी म्हणजे टिंगलीची सवय, रिकाम्या माणसाचा धंदा, एसटी स्टँडच्या पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या हरेकाला नाव ठेवणं. रामदासांची ती ओळ सगळ्यांच्या तोंडी असते, 'टवाळां आवडे विनोद'. लोक ती विनोदी माणसाला गप्प करायला वापरतात. माझं मत असं की त्या ओळीत टवाळाला काय आवडते ते सांगितलंय, ज्याला विनोद आवडते तो हरेक टवाळ असं काही त्यात नाही. गायीला हिरवं आवडते म्हणून हिरवं खाणारी हरेक गाय होत नाही, पालकाची भाजी तूही खातेसच.

उपहास. इथं खरी गोची आहे अन् तुझा पोरगाही इथंच अडकलाय. उपहासात करणारा स्वतःला वर धरतो अन् दुसऱ्याला खाली बघतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य रसाचे सहा प्रकार सांगितलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित अन् अतिहसित, पहिले दोन उत्तम लोकांचे, मधले दोन मध्यम लोकांचे अन् शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसू द्यायचे नाहीत, अन् अतिहसितात माणूस डोळ्यातून पाणी काढत, बरगड्या धरून हसते, म्हणजे आमच्या पानठेल्यावर संध्याकाळी जमणारे सगळेच्या सगळे अधम. पण उपहसिताचं वर्णन बघ, नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, मान अन् खांदे झुकवलेले. तिथं तो फक्त हसण्याचा एक प्रकार आहे, पण आरशापुढं तसं हसून पाहा, तो चेहरा कोणाला तरी तुच्छ लेखणाराच दिसतो. आजचा आपला उपहास त्या चेहऱ्यावर अगदी फिट बसते.

पण उपहास नेहमी वाईट असं समजू नको. वरचा खालच्याचा करतो तेव्हा तो हिणवणं होते, अन् खालचा वरच्याचा करतो तेव्हा तोच उपहास गावाच्या कामाला येते. पोळा बघ ना. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली बैलांच्या रांगा, शिंगाला बेगड, अंगावर झूल, अन् तोरण सुटायच्या आधी माणसं एकेक करून पुढं येऊन झडती म्हणतात. मागच्या एका वर्षी आमच्या भागातली डीपी (लाईटचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती, दोन महिने शेतात लाईट नाही, तेव्हा मी एकाला लिहून दिली होती:

शिंगाले बेगड, पाठीवर झूल,
दोन महिने डीपी बंद, घरी येते बिल!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

तोरणाखाली सरपंचही उभा होता, वायरमनही होता, सावकारी करणारा दुकानदारही होता. प्रत्येकाच्या नावाची एकेक झडती झाली अन् प्रत्येकाला हसावंच लागलं, कारण पोळ्याच्या दिवशी तोरणात राग मानायचा नाही हा गावाचा कायदा. म्हणणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारानं राबणारा गडी, अन् ऐकणारा मालक, वर्षभर ज्याच्यापुढं मान वर करून बोलता येत नाही त्याला त्या दिवशी चारचौघांत ऐकवता येते. डीपी झडतीनं दुरुस्त झाली का म्हणशील तर नाही झाली, ती तिच्या वेळेवरच झाली, पण वायरमन महिनाभर पानठेल्यावर आला नाही. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, काळी अन् पिवळी मारबत, त्यांच्यासोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा. तोही उपहासच, रस्त्यावर उतरलेला.

उपरोधाचं वेगळंच आहे, तो हसवेलच असं नाही. संस्कृतात उपरोध म्हणजे अडवणं, अडथळा. मराठीत अर्थ बदलून झाला उलटं बोलणं, म्हणजे तोंडानं स्तुती अन् पोटात टीका. "वा, लय लवकर आले जावईबापू, अजून पंगत उठली नाही!" हा उपरोध. तो आवाजावर चालतो, भुवईवर चालतो, म्हणून मोबाईलवर टाईप केला की मरतो. आमच्या गावच्या ग्रुपवर एकानं रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो टाकून 'काम एक नंबर झालं' असं लिहिलं, अन् दुसऱ्या एका सरळ माणसानं खाली कंत्राटदाराचं मनापासून अभिनंदन केलं. दोन दिवस भांडण चाललं.

टोमण्यात तर हसूही लागत नाही, तो फक्त टोचला पाहिजे. त्याचं तंत्र म्हणीतच आहे, लेकी बोले सुने लागे. बोलायचं एकीला अन् लागायचं दुसरीला, अन् दुसरीनं विचारलं तर 'तुला कुठं बोलले मी' म्हणायची सोय राखून ठेवायची. मी टोमण्याला विनोदाच्या घराण्यात धरतच नाही. लांबचा सोयरा आहे, लग्नाला येते, जेवते अन् भांडण लावून जाते.

कोटी म्हणजे शब्दाचा खेळ, एका शब्दाचे दोन अर्थ अन् मधल्या फटीतून मारलेली उडी. पुण्याच्या एका लग्नात मला कोणी विचारलं, "तुम्ही वऱ्हाडी का?" मी म्हटलं, "हो, दोन्ही अर्थानं." संपली कोटी. कोट्यांचे बादशहा राम गणेश गडकरी, त्यांचा शेवट आपल्याच विदर्भात सावनेरला १९१९ साली झाला. विडंबन म्हणजे गंभीर गोष्टीची नक्कल करून तिचं पितळ उघडं पाडणं, अन् गंमत अशी की विटंबना हा शब्दही त्याच मुळातून आलेला, म्हणजे एक पाऊल चुकलं की विडंबनाची विटंबना होते. या दोघांवर पोरांचा जास्त वेळ घालवू नको, उदाहरण दिलं की त्यांना लगेच कळते.

आता तुझा ह्यूमर. हा शब्द मुळात हसण्याचा नाहीच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओलावा, द्रव. जुने ग्रीक वैद्य मानायचे की शरीरात चार द्रव असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त अन् काळं पित्त, अन् त्यांच्या कमी-जास्तीवरून माणसाचा स्वभाव ठरतो. आपल्या वात-पित्त-कफासारखंच समज. आपणही 'त्याचं पित्त खवळलं' म्हणतोच की, अन् त्या वेळी पोटाचं नाही तर रागाचं बोलत असतो. मग ह्यूमर म्हणजे झाला स्वभाव, मूड. पुढं एखादाच द्रव जास्त झालेला तऱ्हेवाईक माणूस, त्याच्या तऱ्हा, त्याचं वेड असा अर्थ आला, बेन जॉन्सन या नाटककारानं १५९८ साली अशाच स्वभावांच्या माणसांवर एक नाटक रचलं अन् त्याच्या नावातच ह्यूमर शब्द होता. तिथून हळूहळू, तऱ्हेवाईक माणसाकडं बघून ज्याला हसू येते त्याच्या नजरेलाच ह्यूमर म्हणायला लागले.

आपला विनोद उलट्या बाजूनं आलाय. नुद् म्हणजे ढकलणं, वि लागून झालं दूर ढकलणं, घालवणं. कंटाळा, शीण घालवते तो विनोद. 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' हे सुभाषित तुम्हाला मीच शिकवलं होतं, त्यात विनोद म्हणजे जोक नाही, मन रमवणं आहे, शहाणी माणसं काव्यशास्त्र वाचून वेळ घालवतात एवढंच. म्हणजे इंग्रजांचा शब्द माणसाच्या आतून निघाला अन् आपला शब्द माणसावर काय परिणाम होते तिथून निघाला. म्हणून 'त्याला ह्यूमर आहे' याचं मराठी 'त्याला विनोद आहे' असं होत नाही, विनोदबुद्धी म्हणावं लागते. अन् 'एक विनोद सांग' म्हटलं की तो जोक, चुटका, मोजता येणारा. मोजता येते तो अन् मोजता येत नाही तो, असे दोन विनोद आहेत मराठीत, तुझ्या समानार्थी शब्दांच्या यादीत ते एकत्र कोंबलेत.

तो न मोजता येणारा कसा असते ते सांगतो. २०१७ चं साल आठवते ना, गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कपाशीचं वाटोळं केलं होतं. बोंडं बाहेरून साबूत दिसायची अन् फोडली की आत अळी अन् किडकी सरकी. त्या दिवाळीनंतर पानठेल्यावर एका म्हाताऱ्याला कोणी विचारलं, "काका, किती झाला औंदा कापूस?" म्हाताऱ्यानं चुना चोळत चोळत सांगितलं, "झाला तं लय बाप्पा, पन अळ्याइलेच पुरला. आमच्यापर्यंत आला नाई." कोणी मोठ्यानं हसलं नाही. एकानं खाली बघून नाकातून हसल्यासारखं केलं, दुसऱ्यानं त्याच्या पानाचे पैसे देऊन टाकले. इथं कोणाची टिंगल झाली सांग बरं? अळीची? म्हाताऱ्याची? त्यानं स्वतःलाच मधी ठेवलं अन् ऐकणाऱ्याला बाजूला बसायला जागा दिली. थट्टेला बरोबरीचा लागते, टिंगलीला गर्दी लागते, उपहासाला खालचा किंवा वरचा लागते, याला काहीच लागलं नाही. इंग्रजीतल्या ह्यूमरच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हे.

आपल्या भागात असा विनोद जुना आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, जन्म नागपूरचा, १८७१ चा, वकिली केली आपल्या जळगाव जामोदला, तुझ्या शाळेपासून लांब नाही. मराठी विनोदी लेखनाची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखांच्या पुस्तकात त्यांनी रूढींवर फटके मारले पण उंच पाटावर बसून नाही, सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं स्वतःच त्या वेडेपणात सामील असतात अन् त्यांच्या भाबडेपणातून लेखक आपलं काम करून घेतो. म्हणजे उपहास आहे, पण विनोदाचा सदरा घालून आलेला. अन् गाडगेबाबा, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले, दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन. त्या कीर्तनात बाबा साध्या वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारायचे अन् लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, कर्ज काढून सण करणाऱ्यावर, नवसाला बकरं कापणाऱ्यावर समोरचा हजारोंचा जमाव हसायचा अन् त्या जमावात कर्ज काढणारेच बसलेले असायचे. हसता हसता त्यांना कळायचं की आपण आपल्यालाच हसून राह्यलो. माझ्या वर्गात ते पोरगं दारात एकटं होतं, बाबांच्या कीर्तनात एकटं कोणीच नसायचं, एवढाच काय तो फरक.

जाता जाता एक अजून, पोरांना हे फार आवडते. हसू, हसं, हशा, हास्य हे चार शब्द फळ्यावर लिही. हसू येते, आपोआप. हसं होते, तेही आपोआपच, पण आपलं. हशा पिकतो, शेतातल्या पिकासारखा, कोणीतरी पेरलेला असते म्हणून. अन् हास्य फक्त पुस्तकात अन् टीव्हीवर असते, आपल्या घरात कोणी 'मला हास्य आलं' म्हणत नाही.

आता त्या अर्ध्या मार्काचं. मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांग अन् म्हणावं अर्धाच बरोबर आहे, पोरानं घर बरोबर ओळखलं, खोली चुकली. अन् त्याला उरलेला अर्धा कमवू दे. यंदाच्या पोळ्याला त्याला तोरणात पाठव, वही-पेन देऊन, जेवढ्या झडत्या होतील तेवढ्या लिहून आणू दे अन् हरेकीपुढं लिहू दे की ही थट्टा, ही टिंगल, हा उपहास, अन् कोण हसलं, कोण हसलं नाही. जिच्यापुढं काय लिहावं ते त्याला कळणार नाही ती झडती मला पाठवून देजो, आपण दोघं मिळून बघू. अन् सरपंचावरची असेल तर त्याचं नाव तेवढं खोडजो.